विठाबाईंचे देणे

जुन्नर तालुक्यात, पूर्वेच्या आणे पठारापासून पश्चिमेच्या नाणेघाटापर्यंत, कोणत्याही गावाच्या पारावर तमाशा-कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे नाव काढले की पाचदहा मिनिटांच्या आत कुणीतरी ती हकीकत सांगतोच. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभ्या होत्या, खेळ ऐन रंगात असताना त्यांना कळा सुरू झाल्या, त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, हाताशी सापडलेल्या दगडाने नाळ तोडली आणि लुगडे आवळून पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. पोट उतरलेले पाहून लोक चमकले, खरा प्रकार कळल्यावर हात जोडून त्यांनीच खेळ थांबवायला लावला. सांगणाऱ्याचा स्वर येथे भरून येतो, ऐकणारा मान हलवतो आणि संभाषण दुसऱ्या विषयाकडे वळते. एका स्त्रीने सुमारे अर्धशतक ज्या कलेची सेवा केली त्या कलेविषयी, तिच्या आवाजाविषयी, तिच्या अदाकारीविषयी आणि तिने चालविलेल्या फडाविषयी एक अक्षरही उच्चारले जात नाही. माझे म्हणणे असे आहे की, ही हकीकत आपण ज्या आवडीने सांगतो त्या आवडीत विठाबाईंचा गौरव थोडा आणि आपली सुटका अधिक आहे. आणि म्हणून त्यांच्याविषयी खऱ्या आदराने बोलायचे असेल तर त्या दगडाकडे पाहण्यापूर्वी त्या बोर्डाकडे पाहिले पाहिजे.

विठाबाईंचा जन्म 1 जुलै 1935 रोजी पंढरपूर येथे झाला. त्यांचे आजोबा नारायण खुडे हे शिरूर तालुक्यातील कवठे यमाईचे. घराण्यातील तमाशाची परंपरा त्यांच्यापासून चालत आलेली. पुढे भाऊ आणि बापू या बंधूंनी ती वाढविली आणि ‘भाऊ बापू मांग नारायणगावकर’ या नावाने त्यांचा फड महाराष्ट्रात गाजला. विठाबाई या भाऊंच्या कन्या. गावगाड्यात मांगाच्या वाट्याला दोर वळणे, केरसुण्या बांधणे अशी कामे होती, त्यांच्याच जोडीला वाजंत्रीही होती. लग्न असो, देवाची पालखी असो, वा मामलेदाराच्या हुकुमाची दवंडी असो, हलगी मांगवाड्यातूनच येई. वाजविणारा मात्र मांडवाच्या बाहेर उभा राही. ज्याच्या वाद्यावाचून मंगल कार्य उभे राहत नाही, त्याची सावली मंगल कार्यात चालत नाही, अशी ही रचना होती, आणि तिच्यातूनच ढोलकी फडाच्या तमाशाची फार मोठी शाखा वाढली. या घराण्याने फडाच्या पाटीवर गावाच्या नावाआधी जातीचे नाव लिहिले आणि ते पुसून टाकण्याची खटपट कधी केली नाही. ज्या काळात पुष्कळांनी शहरात येताच आडनावे बदलली त्या काळात हजारो लोकांसमोर उजेडात झळकणाऱ्या पाटीवर ‘मांग’ हा शब्द राहू देणे यात केवढे धैर्य होते याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

विठाबाई शाळेत फार रमल्या नाहीत. पण लावणी, गवळण, भेदिक यांनी भरलेल्या घरात वाढलेल्या मुलीला अशिक्षित म्हणणे हे शिक्षणाच्या एका विशिष्ट कल्पनेला दिलेले अवास्तव महत्त्व होय. फडातील मूल निजते ते ढोलकीच्या ठेक्यावर आणि जागे होते ते भल्या पहाटे सामान ट्रकवर चढविणाऱ्या गड्यांच्या आरोळीने. कोणते पद कोणत्या वेळी घ्यावे, गर्दी अस्वस्थ झाली म्हणजे सोंगाड्याने कोठे तोंड घालावे, वाद्याचा मेळ फिसकटला तर तो बोर्डावरूनच कसा सावरावा, हे सारे त्याच्या अंगात नकळत मुरते.

तमाशाची रात्र म्हणजे काय याची कल्पना आज चित्रपटातील चार मिनिटांच्या लावणीवरून करता येणार नाही. दिवेलागणीला कुणीतरी गवताचा जाळ करून हलगी शेकत बसलेला असतो. चामडे तापत तापत ताणले जाते, तो मधून मधून बोटाने टिचकी मारून पाहतो आणि हवा तो टणत्कार मिळेपर्यंत तिला पुन्हा जाळावर धरतो. तिकडे राहुटीत नाचणारी बाई पायाला कापडाची जाड पट्टी गुंडाळीत असते, कारण त्यावर जो घुंगरांचा चाळ आवळायचा त्याचे वजन आणि घर्षण उघड्या कातडीला रात्रभर सोसवत नाही. पट्टी एक बोट वर सरकली तर घोटा सोलतो, खाली सरकली तर टाच. मग गण होतो, मग गवळण. मावशी आणि पेंद्या यांची थट्टा, बतावणी, रंगबाजी, आणि मध्यरात्र कलल्यावर वग, जो कधी कधी तांबडे फुटेपर्यंत चाले. वगाला पुष्कळदा लिखित संहिता नसे. कथेचा सांगाडा ठरलेला, प्रसंगांचा क्रम ठरलेला. संवाद मात्र नटाच्या जिभेवर त्याच क्षणी जन्माला येत. प्रारंभी यमुनेच्या वाटेवर कृष्णाने अडविलेली गवळण, मधल्या प्रहरात शृंगाराची लावणी मांडणारी नर्तिका आणि उत्तररात्री वगातील दुःखाने विद्ध झालेली नायिका, ही तिन्ही रूपे एकाच स्त्रीने एकाच रात्री घ्यायची, गाणेही स्वतःच गायचे, आणि हे सारे अशा समुदायापुढे की जो दिवसभर कुस्त्यांचा आखाडा पाहून आलेला असे, ज्याच्या पाठीमागे शेतीची कामे खोळंबलेली असत आणि ज्याला न आवडलेल्या गोष्टीवर मौन पाळण्याची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी उन्हात पुन्हा हजेरीचा खेळ; नंतर पुढचे गाव. या शिस्तीला मी कोणत्याही अभिजात कलेच्या साधनेपेक्षा तिळमात्र कमी मानीत नाही. विठाबाईंना लोकांनी तमाशासम्राज्ञी म्हटले ते या रात्रींच्या बळावर. आणि वयाच्या विशीत, 1957 मध्ये, व पुन्हा 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला तोही या रात्रींसाठी. चीनशी युद्ध झाले त्या काळात त्यांनी सरहद्दीवरील जवानांपुढे आपली कला सादर केली.

त्यांच्या आधी ही वाट कुणी पाडली होती हेही सांगितले पाहिजे. तमाशात पूर्वी स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. पुणे–नाशिक रस्त्याने आमच्या तालुक्याच्या सरहद्दीपलीकडे गेले की संगमनेर तालुक्यात हिवरगाव लागते. तेथली पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली प्रख्यात स्त्री-कलावंत मानली जाते. तिची आणि शाहीर पठ्ठे बापूरावांची जोडी इतिहासात नमूद आहे. पण नमूद कशी, ते पाहण्यासारखे आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, या रेठरे हरणाक्षच्या ब्राह्मणाने जातीचा त्याग करून तमाशा धरला, या त्यागाच्या कथेत पवळा ही त्यागाचे कारण म्हणून येते. तिने स्वतः काय सोडले, काय मिळविले, फडाच्या यशात तिचा हिस्सा किती होता, याचा शोध घ्यायला फार थोडे लोक गेले. शर्मिला रेगे यांनी लावणी-कलावंतांच्या प्रश्नाची मांडणी केली आणि शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर 2022 मध्ये विस्तृत इंग्रजी ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे पवळेला तिचा स्वतःचा इतिहास मिळू लागला.

आता त्या प्रसूतीच्या हकीकतीकडे येतो. तिची सत्यता मी नाकारीत नाही. ती विठाबाईंच्या चरित्राशी इतकी जडलेली आहे की तिच्यावाचून त्यांचे नावही घेतले जात नाही. मी विचारतो ते एवढेच की, नऊ महिने पूर्ण झालेली स्त्री त्या रात्री बोर्डावर उभी का होती? ‘कलेवरील निष्ठा’ हे या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सोयीचे आहे, म्हणून आपण ते चटकन स्वीकारतो. निष्ठा होतीच. परंतु निष्ठेच्या शेजारी एक व्यवहार उभा होता, आणि तो ज्याला पाहायचा असेल त्याने गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्याच तालुक्यातील नारायणगावला जावे.

तमाशाची पंढरी म्हणून नारायणगाव ओळखले जाते ते तेथे भरणाऱ्या राहुट्यांमुळे. रस्त्यालगत एकेका फडाची राहुटी लागते. बाहेर कलावंतांच्या छायाचित्रांचे फलक, आत बैठक, आणि व्यवस्थापकापुढे तिथीवार लिहिलेली वही. आमच्या आणे पठारावरून, आंबेगावच्या डोंगराळ भागातून, नगर, नाशिक, सातारा जिल्ह्यांतून यात्रा कमिटीची माणसे येतात. ग्रामदैवताची यात्रा तिथीवर ठरलेली असल्याने चैत्रातल्या अष्टमीसारख्या एकाच रात्रीला अनेक गावांना खेळ हवा असतो आणि त्या रात्रीचा दर चढतो. इतर रात्री पडत्या भावाने द्याव्या लागतात. चहा होतो, मागच्या वर्षीच्या खेळातली उणीदुणी निघतात, ‘मुख्य बाई स्वतः येणार ना?’ हा प्रश्न दोनतीनदा विचारला जातो, मग आकडा ठरतो, विसार दिला जातो, आणि सुपारी फुटली असे म्हणतात. उरलेली रक्कम खेळ पाहून.

या एका अटीत सारे आले. लोक फडाला सुपारी देतात ती ज्या बाईच्या नावावर, ती बाई उभी राहिली नाही तर गाव उरलेले पैसे देणार नाही. पैसे मिळाले नाहीत तर ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, कनाती ठोकणारे गडी आणि ट्रकचा चालक यांचा पगार थकणार. आणि पगार तर त्यांनी पावसाळ्यातच उचल म्हणून घेऊन खाल्लेला असतो, जी उचल देण्यासाठी फडमालकाने स्वतः सावकाराकडून कर्ज काढलेले असते. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखात घरी येतो. तेवढ्या महिन्यांत, आणि त्यातही यात्रांच्या ऐन दिवसांत, वर्षाचे सारे उत्पन्न काढायचे. शिवाय चिडलेली गर्दी कनात फाडते, दगड टाकते, हे फडातील लहान मुलालाही ठाऊक असते. विठाबाई या केवळ नर्तिका नव्हत्या. पुढे त्यांच्या नावाचा फड होता आणि एवढ्या सर्व चुली त्यांच्या पायातील चाळावर अवलंबून होत्या. कळा सोशीत उभ्या असलेल्या त्या स्त्रीच्या मनात त्या घटकेला कलेचा विचार अधिक होता की या चुलींचा, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही; पण दुसरी गोष्ट मुळीच नव्हती असे धरून चालणे हा अन्याय आहे.

याच प्रांतात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा 1929 मध्येच झाला होता. त्या विधेयकाला 1928 मध्ये विधिमंडळात पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे 1961 मध्ये साऱ्या देशासाठी असा कायदा झाला. म्हणजे पोटुशी बाई कामावर उभी राहू नये, तिच्या घरचे अन्न मात्र बंद पडू नये, हे तत्त्व आपल्याला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, परंतु फड हा कारखाना नव्हे, नाच हे काम नव्हे आणि नाचणारी बाई ही कामगार नव्हे, असा एक अलिखित जाबता आपल्या मनात पक्का बसलेला होता. तिला बक्षीस द्यावे, दौलतजादा करावा, टाळ्या द्याव्यात, शेवटी हातही जोडावेत. हक्क तेवढा देऊ नये. प्रेक्षकांनी त्या रात्री खेळ थांबविला यात त्यांची माणुसकी दिसली, आणि ती मी मनापासून मान्य करतो. पण माणुसकी जागी होण्यासाठी बाईला आधी बाळंत व्हावे लागले.

हा अनुभव केवळ आपल्या मुलखाचा नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. तेव्हापासून आपल्याकडील शूद्रातिशूद्रांच्या आणि तिकडील काळ्यांच्या स्थितीची तुलना मराठी विचारात रुजलेली आहे. ती तुलना पुरुषांच्या चळवळीपुरती राहिली. रंगमंचावरील स्त्रियांपर्यंत ती नेली तर काय दिसते? टेनेसी राज्यातील चॅटानूगा या गावी दारिद्र्यात जन्मलेली बेसी स्मिथ ही काळी मुलगी 1912 मध्ये एका फिरत्या नाटकमंडळीत नर्तिका म्हणून शिरली. त्या मंडळीत मा रेनी ही तिच्याहून वडील गायिका होती. ‘ब्लूज’ म्हणून जो गीतप्रकार आहे, काळ्या लोकांच्या श्रमातून, विरहातून आणि विटंबनेतून उपजलेला, त्याची सम्राज्ञी म्हणून पुढे बेसी ओळखली जाऊ लागली. 1923 मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिचा प्रचंड खप झाला. परंतु कंपनीने तिला ठराविक मोबदला दिला, विक्रीवरील हिस्सा कधी दिला नाही. दक्षिणेकडील राज्यांत तीही तंबूतच गात असे. गोऱ्यांच्या खाणावळीत आणि मुक्कामाच्या जागी काळ्या कलावंतांना थारा नसल्याने तिने आपल्या मंडळीसाठी आगगाडीचा स्वतंत्र डबाच विकत घेतला, त्यात साऱ्यांची निजण्या-जेवण्याची सोय केली. फडाचा ट्रक गावाबाहेर उभा करून तीन दगडांच्या चुलीवर भात शिजविणाऱ्या आमच्या बायांना हा डबा पाहून परके काही वाटले नसते.

सप्टेंबर 1937 मध्ये मिसिसिपी राज्यात मोटार-अपघातात बेसी गेली. तिच्या मृत्यूविषयी लवकरच एक आख्यायिका प्रसृत झाली की, गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दाराबाहेर ठेवले आणि रक्तस्रावाने तिचा प्राण गेला. त्यावर एडवर्ड ऑल्बी यांनी नाटकही लिहिले. चरित्रकारांनी पुढे शोध घेतला तेव्हा ठरले की तिला सरळ काळ्यांच्या इस्पितळातच नेण्यात आले होते. गोऱ्यांच्या दाराशी नेण्याचा विचारही त्या मुलखात कुणाच्या मनात आला नसता. विचार केला तर सत्य हे आख्यायिकेहून अधिक भयंकर आहे, कारण दार लावून घेणारा एखादा दुष्ट मनुष्य त्यात नाही, केवळ सर्वांनी गृहीत धरलेली व्यवस्था आहे. तरीही जगाने आख्यायिकाच उराशी धरली. जिच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले तिच्या थडग्यावर 1970 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 33 वर्षे, नावाचा दगड नव्हता. तो बसविण्याचा खर्च केला दोघींनी: जॅनिस जॉपलिन ही गोरी गायिका, आणि लहानपणी बेसीच्या घरी कामाला जाणारी जुआनिता ग्रीन ही काळी स्त्री. तिकडे मृत्यूची कथा, इकडे प्रसूतीची. कलावंत स्त्रीच्या देहावर गुदरलेला प्रसंग समाजाला पाठ असतो, तिचे गाणे आणि तिचा हिशेब मात्र तो विसरतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो इतक्या थोर ठिकाणाहून येतो की त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. जून 1936 मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी जे भाषण केले त्याचा इत्यर्थ असा होता की, हा लाजिरवाणा जीवनक्रम सोडा, कष्टाचे दुसरे कोणतेही काम करा, पण स्वाभिमानाने जगा. हाच न्याय तमाशाला लावून पुष्कळ दलित विचारवंत म्हणतात की, ज्या कलेत दलित स्त्रीचा देह सवर्ण पुरुषाच्या नजरेपुढे मांडला जातो तिचा गौरव करणे म्हणजे बेडीला सोन्याचा मुलामा देणे होय. या म्हणण्यात जे सत्य आहे ते मला पूर्णपणे मान्य आहे. जात, दारिद्र्य आणि कामुकता यांच्या साखळीने जिला बोर्डावर आणले तिची मुलगी शिकून दुसऱ्या मार्गाला लागली तर तमाशाची एक परंपरा खंडित झाली म्हणून हळहळणे हे अमानुषपणाचे ठरेल. परंतु धंद्याची निंदा करताना त्यातील कर्तृत्वही नाहीसे मानायचे, हे बाबासाहेबांच्या म्हणण्यातून निष्पन्न होत नाही. विठाबाईंनी आपल्यावर लादलेल्या जागेतच स्वतःचे राज्य उभे केले, आणि त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी तोच वारसा स्वतःच्या फडाने पुढे नेला. जिला जायचे तिला जाता यावे आणि जिला राहायचे तिला मानाने राहता यावे, या दोन मागण्यांत मला विरोध दिसत नाही. 1928 मध्ये गिरणीतल्या बाईची बाजू घेणारा आणि 1936 मध्ये मुरळीला ‘सोड’ म्हणणारा पुरुष एकच होता.

दुसरा आक्षेप, अश्लीलतेचा, मला तितका विचारार्ह वाटत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्याच्या शुद्धीकरणाची भाषा झाली. त्याच काळात ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट 1947 मध्ये आला, आणि 1959 मध्ये आलेला ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. मध्यमवर्गीय कुटुंबे, बायकामुलांसह, तेथे लावणी पाहावयास गेली. म्हणजे कापडी कनातीत जे अश्लील ते पांढऱ्या पडद्यावर कलात्मक ठरले. फरक पडला तो सादर करणाऱ्या व्यक्तीच्या सामाजिक स्थानामुळे आणि प्रेक्षकाच्या खुर्चीमुळे. चित्रपटसृष्टीने तमाशाकडून कथा, ठेका, नऊवारीचा काष्टा आणि लावणीचा बाज सारे घेतले. फडाकडे परत काय आले? गावाने मागितलेली चित्रपटातली गाणी.

विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. 15 जानेवारी 2002 रोजी त्या वारल्या. इस्पितळाचे देयकही दानशूर लोकांच्या मदतीने भागवावे लागले. पुढे 2006 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे तमाशातील ज्येष्ठ कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार कांताबाई सातारकरांना दिला. पुरस्काराची निवड योग्यच होती. स्त्री असून शिवाजी महाराजांची भूमिका गाजविणाऱ्या कांताबाई त्या मानाला सर्वथा पात्र होत्या. पण जिच्या नावाने आपण इतरांना सन्मान देतो तिला औषधासाठी वर्गणी लागली, हे आपल्या गौरवाच्या इतिहासात नोंदले पाहिजे.

वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची शासनाची योजना जुनी आहे. पण अर्जासोबत इतकी वर्षे कला सादर केल्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि अडचण नेमकी तेथे येते. ज्या बाईने वीस वर्षे आठ जिल्ह्यांत घुंगरू बांधले तिच्यापाशी ना हजेरीपुस्तकाची नक्कल, ना पगाराची पावती, ना करारनामा. फडाच्या फलकावर छायाचित्र होते, तो फलक पावसात गेला. सुपारीच्या वहीत गावाचे नाव असते, मालकाचे असते, रक्कम असते, नाचणारीचे नसते. आमच्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञप्रसंगी किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिल्या त्याची यादीच त्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेली आहे, आणि दोन हजार वर्षांनंतरही विद्वान ती वाचतात. त्याच तालुक्यात विठाबाईंसारखी स्त्री होऊन गेली, तिने किती रात्री खेळ केले, कोणते वग बसविले, किती माणसे पोसली, याची साद्यंत नोंद कोणत्याही दप्तरात नाही. योगीराज बागुल यांनी त्यांचे चरित्र लिहिले म्हणून थोडेफार तरी हाती राहिले.

आज तमाशाची स्थिती आणखी नाजूक आहे. ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर मनाई असल्याने उत्तररात्रीचा वग जवळजवळ संपला. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीमुळे यात्राच भरल्या नाहीत आणि कर्जाचे डोंगर मात्र वाढले. शासनाकडे मागण्या जाव्यात हे खरे. परंतु सुपारी शासन देत नाही, आपण देतो, आणि म्हणून करारातील अटीही आपल्या हाती आहेत. आमच्या आण्यात रंगदास स्वामींच्या यात्रेला हजारो लोकांची पंगत उठते; आमटीच्या कढया रटरटत असतात, भाकरी घरोघर थापल्या जातात, आणि कुणीही उपाशी परतत नाही. पाण्याला पारखे असलेले, कुकडीच्या धरणांचा पाट जेथवर चढत नाही असे हे पठार एवढी व्यवस्था लोकवर्गणीतून आणि अंगमेहनतीने चोख ठेवू शकते. मग खेळाच्या दिवशी फडातील बायांना कपडे बदलण्यासाठी शाळेची एक खोली, न्हाणीघर, पिण्याचे पाणी आणि तान्ह्या मुलांना निजविण्यापुरती सावली देणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे काय? कलावंत आजारी वा गरोदर असेल तर तिच्या जागी दुसरी उभी राहील आणि त्यामुळे ठरलेल्या रकमेतून एक पैसाही कापला जाणार नाही, एवढे एक कलम विसार देताना लिहून देणे अवघड आहे काय? आणि यात्रेच्या जमाखर्चाच्या कागदावर, ज्यावर मंडपवाल्याचे, पुजाऱ्याचे आणि वर्गणीदारांचे नाव असते, त्या कागदावर त्या रात्री ज्या ज्या बायांनी बोर्डावर पाऊल ठेवले त्यांची पूर्ण नावे लिहून, ग्रामपंचायतीचा शिक्का मारून एक प्रत त्यांच्या हाती दिली तर उद्या मानधनाच्या अर्जाला तो दस्तऐवज जोडता येईल. येत्या पाडव्याला ज्या गावची माणसे नारायणगावच्या राहुटीत बसतील त्यांनी आकडा ठरविण्याआधी ही तीन कलमे वहीत उतरवून घ्यावीत.